दोन ते चार

१

“मी न्हाई लावत ते तोंडाला! किती येळा सांगू?”

“मग पट्टा काय मांजरानं आवळला?”

“मांजराला इचारा जावा.”

“अगं, माझं डोस्कं बसंल का ह्यात? बघ की हिकडं. सकाळी उठताना ह्या खुणंवर सैल सोडला हुता. आता कुठं आलाय बघ. एखाद्या पोरीच्या डोस्क्याएवढा झालाय.”

“पोरीच्या?” अक्काताईनं हातातली परात खाली ठेवली. “पोरीच्या का म्हणालासा? पोराच्या म्हणावं वाटलं न्हाई व्हय?”

नानासोंनी पट्टा सोडवला. त्याला चिकटपट्टी होती. ओढली की कर्रकन वाजायची, नवं कापड फाडल्यासारखी. रोज संध्याकाळी घरात तो कर्र आवाज व्हायचा आणि त्यापाठोपाठ हेच भांडण. आता तिसरा आठवडा लागला होता.

भांडण कशावरून, तर श्वासाच्या मशिनवरून. नानासोंचं घोरणं जुनंच. पण गेल्या वर्षापासून घोरता घोरता श्वास मधेच अडायचा. अक्काताई शेजारी पडून मोजायची. दहा, पंधरा, वीस. मग विहिरीच्या तळाला गेलेला माणूस वर यावा तसे ते हापसून श्वास घ्यायचे. सांगलीच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, झोपताना मशिन लावा, नाहीतर एक दिवस वर यायचं राहून जाईल. म्हणून मशिन घरात आलं. भाकरीच्या डब्याएवढं खोकं, त्यात पाण्याची डबी, खोक्यातून निघालेली नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा आणि तो डोक्याला धरून ठेवणारा पट्टा. मशिन हवा ढकलतं, माणूस जगतो. साधा हिशेब.

पण ज्या माणसानं पंचेचाळीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो रोज सकाळी न्हाणीत उकिडवा बसून मुखवटा धुवायला लागला. कोमट पाणी, लहान बाळाचा साबण, टिपायला मऊ फडकं. अक्काताई दारात उभी राहून बघायची. तिच्या दोन बाळंतपणांत या हातांनी बाळाचं दुपटंसुद्धा दोरीवरून काढलं नव्हतं.

“न्हाऊ-माखू घाला,” ती म्हणायची. “काजळ बी लावा.”

तरी पट्ट्याचं काही तिच्या डोक्यात शिरेना. ती अडाणी नव्हती. शाळा चौथीपर्यंतच, पण जमिनीचे कागद तिनं स्वतः वाचून तलाठ्याला दोनदा खोटं पाडलं होतं. तिनं सरळ विचार केला. घरात माणसं दोन. पोरगा राजवर्धन साताऱ्याला मास्तर, लेक सासरी. कामाला येणारी बाई सकाळी नऊला येऊन दहाला जाते. पट्टा ढिला होईल, समजू शकतं. वस्तू ढिल्याच होत असतात. पण आपोआप आवळणारी वस्तू तिनं अजून पाहिली नव्हती.

२

विट्याच्या आसपासच्या गावांत बंगले मोठे आणि आत माणसं दोन, हे सगळीकडचंच आहे. गडी देशभर पांगलेले, गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं भट्टीत घालायचं, तेजाबात घालायचं, शुद्ध करून काढायचं. नानासो बत्तीस वर्षं कोईमतूरला होते. आप्पासो म्हणून शेजारच्या गावचा भागीदार, खाली दुकान, मागं भट्टी. अक्काताई इकडं सासू-सासरे आणि सात एकर सांभाळत राहिली. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला नवरा यायचा, पाहुण्यासारखा.

सातव्या वर्षीच्या दिवाळीत तिला कळलं. कुणी सांगितलं नाही, चिठ्ठी सापडली नाही. लग्न झाल्यापासून ती पलंगावर डावीकडं झोपायची. त्या दिवाळीत नानासो आडवे झाले आणि झोपेतच सरकून त्यांनी जागा करून दिली. उजवीकडं. ती डावीकडं उशी घेऊन उभीच होती.

बाईमाणसाला आणखी पुरावा कशाला लागतो?

तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर एक तर खोटं ऐकावं लागलं असतं नाहीतर खरं, आणि दोन्ही ऐकायची तिची तयारी नव्हती. धंदा सोडून नानासो कायमचे घरी आले त्यालाही आता बारा वर्षं झाली. अजून ते तसेच झोपतात, उजवीकडं हातभर जागा सोडून. त्याच बाजूला तिपाई आहे, आणि तिपाईवर आता मशिन.

अशात आप्पासोंच्या नातीच्या लग्नाचं बोलावणं आलं. लग्न कोईमतूरलाच. रेल्वेत रात्रभर मशिन कुठं लावणार, म्हणून राजवर्धननं पुण्याहून विमानाची तिकिटं काढतो म्हणून सांगितलं.

“तू कशाला दगदग करतीस?” नानासो म्हणाले. “गुडघं दुखत्यात तुझं.”

“बत्तीस वर्सं न्हेलं न्हाईसा. आता गुडघ्यांवर रांगत येईन, पर येईन.”

३

विमानात मशिन न्यायचं तर कागद लागतो. म्हणून दोघं सांगलीला चांदसाहेबांच्या दुकानात गेली. मशिन तिथूनच घेतलेलं. चांदसाहेब साठीचे, चष्मा कायम कपाळावर. दुकानात चाकांच्या खुर्च्या, ऑक्सिजनच्या टाक्या आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले मुखवटे. अक्काताई त्या भिंतीकडं पाठ करून बसली.

“हे बघा नाना. डॉक्टरची चिठ्ठी वरच्या खिशात ठेवा. मशिन मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, आपल्याजवळच ठेवायचं. पाण्याची डबी कोरडीठाक करून न्यायची. विमानात लावणार असाल तर ही बॅटरी. विमानकंपनीला कळवलंय न्हवं?”

“पोरानं कळवलंय.”

“मग झालं. आता कार्ड द्या मशिनमधलं. डॉक्टरला रिपोर्ट लागतो.”

नखाएवढं कार्ड. मशिनवर कुणी किती वेळ श्वास घेतला, किती वेळा अडला, सगळं त्यात उतरतं म्हणे. संगणकावर रेघा उमटल्या. चांदसाहेबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिले.

“रात्रीचं झकास हाय. अडणं लय कमी झालं. पण नाना, दुपारी कोण लावतंय?”

“दुपारी?”

“दोन ते चार. रोज. एक दिवस खाडा न्हाई.”

“दुपारी मी पारावर असतो. पत्त्याचा डाव असतो आमचा, सगळं गाव साक्षीला हाय.”

मग दोघांनी अक्काताईकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघतासा? मशिन बिघाडलंय म्हणा की सरळ. इकताना लय गुण गायलासा.”

चांदसाहेब हसले. “वहिनी, बिघाड असा नसतो. हे मशिन आपसूक चालू होतं, पण मुखवट्यात कुणी श्वास घेतला तरच. नुसतं पडून राहिलं तर गप पडून राहतं. आणि हा श्वास नानांचा न्हाई.” त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. “नानांचा बघा, मोठा, खडबडीत, खड्ड्याच्या रस्त्यागत. आणि हा दुपारचा बघा. बारीक. एकसारखा. लहान छातीचं माणूस हाय. दोन तासांत एकदाबी अडत न्हाई. मी म्हणतो वहिनी, एवढा निरोगी श्वास असताना तुमाला मशिनची हौस कशाला?”

अक्काताई उत्तर द्यायला उठली आणि उठताना तिच्या छातीतून शिट्टी वाजली. तीस वर्षं चुलीच्या धुरात गेलेली छाती. जिना चढली तरी वाजायची. ती शिट्टी तिघांनीही ऐकली. चांदसाहेबांनी रेघेकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि चष्मा पुन्हा कपाळावर सारला. “कागद देतो करून,” एवढंच म्हणाले.

गाडीनं तासगाव मागं टाकलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा पळत होत्या. मग बाहेर बघतच नानासो म्हणाले,

“दोन ते चार भट्टी बंद असायची.”

“कुठली भट्टी?”

“तिथली. उन्हाचं भट्टीपुढं कोण थांबतंय? वर माडी हुती. जाऊन पडायचं.”

“एकलंच?”

नानासोंनी गाडीची काच जरा खाली केली.

“लय गार असायची माडी,” ते म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी जेवून नानासो पारावर गेले, तेव्हा अक्काताई कामाला लागली. आतल्या खोलीच्या खिडक्या तिनं आतून कड्या घालून बंद केल्या. पलंगाखाली वाकून बघितलं. कपाट उघडून साड्या बाजूला केल्या. मशिनची वायर भिंतीतून उपसली, गुंडाळून खिळ्याला अडकवली. चांदसाहेबांची बॅटरी आदल्या दिवशीच बाहेरच्या कपाटात गेलेली. दाराला कुलूप लावून किल्ली तिनं कनवटीला खोचली आणि दारासमोर पाटावर पावटे सोलत बसली.

आता बघते, ती मनात म्हणाली. वीज नाही, वारा नाही, माणूस नाही.

दोनला पाच मिनिटं कमी होती. गाव जेवून निजलेलं. शेजारच्या गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती. घड्याळाचा काटा सरळ झाला, आणि कुलपाच्या पलीकडं वाजलं,

कर्र.

पाल असेल, तिनं ठरवलं. कपाटामागं कागद खाणारी पाल. तिनं एक शेंग सोलली. दाणे बाहेर पडले, टरफल तिच्या हातातच राहिलं. कारण पलीकडं आता हवा वाहत होती. एकसारखी, सावकाश. शेजारचा कुकर असेल. पण कुकर असा श्वास घेत नाही. कुकर थांबून आत ओढून घेत नाही.

तिनं दाराला कान लावला. ओढताना आवाज अगदी नाहीसा व्हायचा. सोडताना मात्र शेवटी एक शीळ निघायची, जिभेवरून हलकी काढल्यासारखी. सो. परत शांतता. परत, सो. ऐकता ऐकता तिला त्या शांततेतलंही ऐकू यायला लागलं. ओठ न हलवता म्हटलेलं. नाना, आणि मग, सो.

तिच्या कानशिलात रक्त चढलं. नाना तर सगळं गावच म्हणतं. पण पूर्ण नाव, शेवटच्या सो-सकट, असं एकटीनं, बंद खोलीत, सावकाश? तसं अक्काताईनंसुद्धा कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यातून घेतलं, बारशाला घेतलं, हळदीकुंकवाला घेतलं. पण उखाण्यातलं नाव चारचौघींचं असतं. टाळी पडली की संपतं. घरात ती ‘आवं’ म्हणायची, लोकांत ‘आमचं ह्ये’ म्हणायची. नवऱ्याचं नाव तिनं दागिन्यासारखं कुलपात ठेवलेलं, आणि इथं कुणीतरी ते रोज दुपारी अंगावर घालून बसत होतं.

तिनं कुलूप काढलं.

पडद्यातून पिवळं ऊन आलं होतं. वायर खिळ्यावर होती तशीच. मुखवटा तिपाईवर नव्हता. पलंगावर होता, उजव्या उशीवर. पट्टा मिटलेला होता, गोल, फुगलेला. आत काही नसताना तो गोल कसा राहिला होता ते तिला कळेना. उशीला खळगा पडला होता आणि पट्टा उशीला टेकत नव्हता. नळी बारीक थरथरत होती. मुखवट्याच्या आतलं प्लास्टिक पांढरं व्हायचं, निवळायचं. पांढरं व्हायचं, निवळायचं.

भीती वाटायला हवी होती. पण तिच्या नजरेस ती उशी पडली. अभ्र्याच्या कडेची वीण तिनं स्वतः घातली होती, मोतीबिंदूच्या आधी, शेवटची.

“नानासो,” अक्काताई म्हणाली.

मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय. तिच्याच कानाला ते परक्या माणसाचं नाव वाटलं. उच्चारही कुठंतरी चुकल्यासारखा झाला.

श्वास थांबला. खोली थांबली. मग मुखवट्यातून नाकानं सोडल्यासारखी एक छोटीशी हवा आली. जुनी जाऊ नवीच्या चुकीला हसते, तशी. आणि पट्टा मऊ होऊन उशीवर पडला.

तिनं तो उचलला. आतून ओला होता, कोमट. परसात नेला, धुण्याच्या दगडावर ठेवला आणि वरवंटा उचलला. वर नेलेला हात वरच राहिला. मशिन आलं त्या पहिल्या आठवड्यात एकदा वीज गेली होती. तेव्हा मोजताना ती चाळीसच्या पुढं गेली होती. चाळीसच्या पुढं तिला आकडे सुचले नव्हते, तिनं नुसत्या बुक्क्या मारल्या होत्या त्यांच्या छातीवर. हे मोडलं तर नवरा जातो. ठेवलं तरी जातोच आहे, पण श्वास घेत.

तिनं वरवंटा खाली ठेवला. मुखवटा बाळाच्या साबणानं धुतला, मऊ फडक्यानं टिपला. सवतीचं उष्टं ताट घासावं तसा.

संध्याकाळी कर्र आवाज झाला नाही. नानासो पट्टा हातात घेऊन बसले होते.

“आज ढिला न्हाई करायचा?” तिनं विचारलं. “आज न्हाई भांडायचं?”

“ऱ्हाऊ दे. आवळलेलाच बरा वाटाय लागलाय आता. कुणी धरून ठेवल्यागत.”

५

राजवर्धननं साताऱ्याहून गाडी आणली. आदला मुक्काम त्याच्याकडं झाला. तिथं अक्काताईनं पाण्याची डबी स्वतः रिकामी केली, कापडानं पुसली आणि गच्चीवरच्या उन्हात पालथी घातली. बॅगेत भरतानाही तिनंच भरली. पुण्याच्या विमानतळावर पोरानं दारापर्यंत सोडलं, चिठ्ठी कुठं दाखवायची ते चारदा सांगितलं, आणि तो काचेपलीकडं राहिला.

तपासणीला मशिन बॅगेतून काढून प्लास्टिकच्या ट्रेत ठेवावं लागलं. उघड्यावर, सगळ्यांच्या पट्ट्या-चपलांच्या रांगेत, ते तिला फार छोटं दिसलं. पलीकडं गणवेशातली बाई होती.

“ये किसका है?”

“हमारा,” नानासो म्हणाले.

बत्तीस वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाचं हिंदी तिला ठाऊक होतं. स्वतःच्या वस्तूला ते ‘मेरा’ म्हणायचे.

“हमारा नहीं,” अक्काताई पुढं झाली. “इनका अकेले का.”

त्या बाईनं चिठ्ठी वाचली, खोकं उघडलं, डबी वर धरली. “अंकल, इसमें पानी है. खाली करके लाना चाहिए था.”

डबी अर्धी भरलेली होती. पाणी हेलकावत होतं.

“तू भरलीस?” नानासोंनी विचारलं.

“मी कशाला भरू? मी वाळवून आणली.”

“पट्टा तू न्हाईस. पाणी तू न्हाईस. दुपारी तू न्हाईस.” रांगेतली माणसं बघत होती, पण नानासोंचा आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. “मग घरात तिसरं कोण हाय, ते तरी सांग.”

हा प्रश्न त्यांनी आजवर विचारला नव्हता. अक्काताईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला ट्रेतल्या त्या खोक्यापेक्षा त्या तोंडाची धास्ती वाटली. तिथं राग नव्हता.

तिनं पाणी बाजूच्या बादलीत ओतलं. ओतताना डोळ्यांपुढं परसातला दगड आला.

६

जागा तीन होत्या, तिकिटं दोन. अक्काताई वाटेच्या कडेला बसली, नानासो मधल्या खुर्चीत, आणि खिडकीची रिकामी.

“खिडकीत सरका की. मला पाय पसरता येतील.”

“नगं. कोण आलं तर?”

विमानाचं दार लागलं. कुणी आलं नाही. तरी ते सरकले नाहीत. विमान उडताना तिनं त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, हवाईसुंदरीनं दिलेलं पाणी घ्यावं तसा.

खुर्चीचे पट्टे सोडायची खूण झाली. नानासोंनी पायाशी ठेवलेलं मशिन उघडलं, बॅटरी जोडली. तिनं घड्याळ बघितलं. दोनला दोन मिनिटं कमी.

“दिसाउजेडी कशाला? तासाभरात उतरायचं हाय.”

“डोळं मिटत्यात गं.”

त्यांनी पट्टा डोक्यावरून घातला. ती बघत होती. पट्टा त्याच खुणेवर होता, पोरीच्या डोक्याच्या. त्यांचं डोकं होतं तेवढंच होतं. तरी तो बसला. कुठं ओढला नाही, कुठं वळ उठला नाही.

ते झोपले, आणि अक्काताई सवयीनं मोजायला लागली. श्वास आत. बाहेर. आत. बाहेर. अडेना. ती थांबून राहिली, आता अडेल, आता हापसतील, आता तो खडबडीत, तिचा, पंचेचाळीस वर्षांचा ओळखीचा आवाज येईल. आला नाही. बारीक, एकसारखा, लहान छातीचा श्वास येत राहिला. तिला त्या घोरण्याची एवढी आठवण आली की डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा तिला काच दिसली. रिकाम्या खुर्चीच्या खिडकीवर पुरीएवढा धुक्याचा ठिपका उमटला होता. बसलेल्या ठेंगण्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर. तो विरला. परत उमटला.

बाहेर थंड आहे, ती स्वतःला म्हणाली. मुखवट्याला भोकं आहेत, त्यातून ह्यांनी सोडलेली हवा जाते, ती काचेवर बसते. चुलीपुढच्या काचेच्या बरणीवर बसते तशी. खात्री करायला तिनं नवऱ्याच्या तोंडापुढून हात लांब केला आणि तळवा त्या भोकांसमोर धरला. हवा तळव्याला लागली. काच स्वच्छ होती. हवा लागायची थांबली, नानासोंनी श्वास आत ओढला, आणि काचेवर ठिपका उमटला.

तिनं हात तसाच ठेवला. परत बघितलं. दहा वेळा बघितलं. काच सोडायची तेव्हा ते घ्यायचे.

“आवं,” तिनं खांदा हलवला. “आवं, उठा. उठा म्हणते न्हवं!”

नानासोंनी डोळे उघडले. मुखवटा हनुवटीखाली ओढला, पण सोडला नाही, हातातच धरला. एवढं तरणं तोंड तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“तू मला हाक मारलीस?”

“मारली की. कवाधरनं हालवतीया.”

“आत्ताची न्हवं. त्याच्या आधी. नावानं.” ते तिच्याकडं वळले. “नावानं हाक मारली कुणीतरी. पुरत्या नावानं.”

अक्काताईनं काचेकडं पाहिलं.

“तू तर नाव घेत न्हाईस,” ते म्हणाले. “कवाच न्हाई घेतलंस. हे बघ, मी तुझ्याशी तीन आठवडं उगं भांडलो. तुला चोर ठरवली. चुकलं माझं. तू पयल्यापासनं म्हणत हुतीस, मी न्हाई, मी न्हाई. आता एकदा सांग. शेवटचं. पट्टा तू आवळत न्हवतीस. हाक तू मारली न्हाईस. म्हण तसं, मी मानतो.”

“मानून काय करनार?”

“काय न्हाई. निजतो परत.” ते हसले. ते हसू अक्काताईसाठी नव्हतं; ते तिच्या खांद्यावरून, तिच्या वयावरून कुठंतरी मागं गेलं होतं. “उतरायची घाई न्हाई मला. तू जा फुडं लग्नाला. म्हण की गं. एकदा न्हाई म्हण.”

तीन आठवडे ती खरं बोलत होती आणि तीन आठवडे त्यांनी मानलं नव्हतं. आता तेच खरं ते पदर पसरून मागत होते.

तिची नजर त्यांच्या दुसऱ्या हातावर गेली. खुर्चीच्या खिडकीकडच्या दांडीवर तो उताणा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली. बोटांच्या मधोमध कातडी दबली होती. चार ठिकाणी, आडवी, पांढरी. आवळून धरल्यावर दबते तशी. ती बघत असताना ते पांढरेपण जरा वाढलं.

काचेवर ठिपका उमटलेला होता. तो विरत नव्हता. वाढतही नव्हता. नानासोंनीही श्वास धरला होता. हनुवटीखालचा मुखवटा गप्प होता. दोघंही तिच्या तोंडाकडं बघत थांबली होती, ती काय म्हणते म्हणून. मोजायचं तिच्या मनात नव्हतं, पण आत आकडे चालू झाले. दहा. पंधरा. वीस.

अक्काताईनं हात पुढं केला, नवऱ्याच्या डोक्यावरून पट्टा उतरवून मुखवटा आपल्या हनुवटीखाली घेतला, पट्टा स्वतःच्या डोक्यामागं नेऊन त्याच खुणेवर आवळला, आणि त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून, छातीतली शिट्टी दाबून धरत म्हणाली,

“मीच हुते ती, हितंबी, आन् त्या माडीवरबी.”